तुमची एटीव्ही कुठल्या रंगाची? (निष्ठावंतांनी आणि फितुरांनी, दोघांनीही यावे)

जुनंचसोनं

धागा काढायला निमित्त झालं एका फाटक्या बुटाचं. पायातल्या नव्हे, पुढच्या उजव्या एक्सलवर सीव्ही जॉइंटला (चाक वळलं तरी त्याला फिरवत राहणारा सांधा) झाकणारं रबरी बूट असतं ना, त्याचं. गाडी म्हणजे एटीव्ही, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, चिखलदगडांतून चालणारी चार चाकी. माझी होंडाची फोरट्रॅक्स ३००, फोर बाय फोर. हे मॉडेल १९८८ ते २००० निघालं, माझी त्यातली शेवटशेवटची. परवा धुताना पाहिलं तर चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस फासलेलं. घरी सांगितलं, तर एकमताने ठराव पास: ही काढा, नवी घ्या. त्याचं काही नाही. पण धाकटा वर म्हणाला, "आणि या वेळी होंडा सोडून काहीही." तिथे माझं टाळकं सरकलं.

रात्री विचार करत बसलो की मला एवढं झोंबलं का? मी काही कंपनीचा भागधारक नाही. जाहिरातीत मला कोणी घेतलेलं नाही. तरी कोणी "सगळ्या सारख्याच" म्हणालं की तोंड वाकडं होतं.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे रोग लक्षात येईल. या गाडीला रिव्हर्स टाकायचा तर आधी न्यूट्रलला यायचं. मग डाव्या ब्रेकच्या लिव्हरवरचं बटण दाबायचं, ते दाबलेलं ठेवून लिव्हर आवळायचा आणि डाव्या पायाने गिअर खाली. नवखा माणूस पाच मिनिटं झटापट करतो आणि "अडकलाय" म्हणून उतरतो. माझा हात हे झोपेतही करेल. नव्या गाड्यांत एक दांडा पुढेमागे केला की काम झालं. सोपं आहे, मान्य. पण मला सोपं नकोय, मला माझं हवंय.

मध्ये दोन वर्षं मी फितूर झालो होतो, तेही कबूल करून टाकतो. गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी, ऐसपैस सस्पेन्शनची, दुप्पट ताकदीची गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर शंभर प्रतिसाद त्यावरच जातील. एकदा ओंडके भरलेली ट्रॉली जोडून ओढ्यातून निघालो. पलीकडच्या चढावर जळक्या रबराचा वास आला, फट् असा आवाज झाला आणि इंजिन बोंबलतंय पण चाकं ढिम्म. मला तिथून ओढून कोणी आणलं असेल? दुसऱ्या कोणाची तरी फोरट्रॅक्स ३००. त्या दिवशी जी लाज वाटली, ती पट्टा तुटल्याची नव्हती.

तर प्रश्न असा: तुम्ही एकाच ब्रँडला का चिकटून आहात? किंवा कशामुळे सुटलात?

पट्टाधारी

जुनंचसोनं दादा, तुमचा ओढा वाचला. एकच विचारतो: ट्रॉली ओढताना दांडा कुठे होता, हायला (वेगासाठी) की लोला (ओझ्यासाठी)?

जुनंचसोनं

आठवत नाही.

पट्टाधारी

म्हणजे हायला होता. :)

आता मी पोलारिसवाला, त्यामुळे पट्ट्याची बाजू मला घ्यावीच लागते. यात दोन पुल्या असतात. इंजिन जोरात फिरलं की पुढची पुली आवळत जाते आणि पट्टा तिच्यावर वर चढतो, मागची उघडते आणि पट्टा तिच्यात खाली उतरतो. झाला गिअर बदलून, पायऱ्या नाहीत, धक्के नाहीत. पण हायमध्ये, ओझं मागे, वेग बैलगाडीचा, अशा वेळी पुढची पुली पट्ट्याला नीट धरतच नाही. पट्टा घसरतो, तापतो, जळतो. त्यात ओढ्याचं पाणी कव्हरमध्ये गेलेलं असेल तर बघायलाच नको. पाण्यातून बाहेर आल्यावर न्यूट्रलला थांबून थोडा रेस करायचा, कव्हरच्या तळाचा प्लग काढून पाणी सोडायचं, मग पुढे निघायचं. आणि ओझं असलं की लो, हा नियम. दोष पट्ट्याचा नव्हता हो, दांड्याचा होता.

माझी निष्ठा कुठून आली ते सांगतो. पोलारिस ही मुळात बर्फावरच्या स्नोमोबाइलवाल्यांची कंपनी, १९५४ची, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रोझो गावची. स्नोमोबाइलमध्ये पट्टाच असतो. १९८५ला त्यांनी ट्रेल बॉस काढली तेव्हा तोच पट्टा चार चाकांवर आणला. होंडा मोटरसायकलवाले, त्यांनी गिअर आणि सेंट्रीफ्यूगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप धरणारा) आणला. म्हणजे आपण भांडतो ते खरं तर दोन घराण्यांचं भांडण आहे, एक बर्फातून आलेलं आणि एक रस्त्यावरून. मला घराणं आवडलं, मी तिथेच राहिलो. दुसरं कारण म्हणजे चार चाकांचा स्विच चालू ठेवला तरी मागची चाकं फिरायला लागेपर्यंत पुढची मोकळी असतात. हँडल हलकं राहतं. तुमच्या ३००ला चारही चाकं कायमची जोडलेली, वळवताना खांदे भरून येत असतील.

जुनंचसोनं

खांदे येतात भरून. तक्रार नाही.

निळीभोर

वा, धागा वर आला तेव्हाच वाटलं होतं की लाल (होंडा) आणि पट्टा यांत निळा (यामाहाचा) रंग बुडणार. म्हणून आले.

माझी यामाहा बॅन्शी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गिअर. इंजिन यामाहाच्याच आरडी ३५० एलसी मोटरसायकलच्या घराण्यातलं. १९८७ला आली आणि अमेरिकेत २००६पर्यंत विकली गेली, मधल्या काळात फारसं काही न बदलता. कामाची गाडी नव्हे ही. हिच्यावर काही लादायचं नसतं, हिने आपल्याला लादून न्यायचं असतं. खालच्या आरपीएमला अगदी गरीब गाय, आणि मग एका जागी सुई गेली की मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटते. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी किंचाळले होते.

हिला रिव्हर्स नाही. जुनंचसोनं दादा बटणाचं कौतुक सांगतायत, माझ्याकडे बटणच नाही. कुठे नाक घुसलं की उतरा, पुढच्या बंपरला धरा आणि मागे ढकला. थंडीत किक मारून पोटरी दुखते. प्लग ओले होतात. कपड्यांना टू-स्ट्रोकचा वास बसतो तो धुऊनही जात नाही. आणि हे सगळं मी तक्रार म्हणून लिहायला घेतलं होतं पण वाचताना मला ते कौतुकासारखं वाटतंय, तर बघा.

खरं सांगू का? रोजच्या वापराला माझ्याकडे दुसऱ्याच कंपनीची गाडी आहे. ऑटोमॅटिक, रिव्हर्सवाली, पॉवर स्टिअरिंगवाली. तिचं नाव विचारलंत तर सांगताना मलाच एक क्षण लागतो. निष्ठा एकीवर आणि संसार दुसरीशी, असं चाललंय.

टॉर्करेंच

गाड्या उघडायचं काम करतो, त्यामुळे रंगांबद्दल फार आदर उरलेला नाही. पण सगळ्यांचे प्रतिसाद वाचून मजा आली, म्हणून एक खडा टाकतो.

२००३च्या आसपास सुझुकीने क्वाडस्पोर्ट झेड ४०० काढली, पिवळी. त्याच वेळी कावासाकीची केएफएक्स ४०० आली, हिरवी. पाठोपाठ आर्क्टिक कॅटची डीव्हीएक्स ४००. आता या तिन्हींचे मालक एकमेकांशी काय भांडायचे म्हणता! पिवळीचं इंजिन गोड, हिरवीची चेसिस भक्कम, आणि कॅटवाला म्हणणार, तुम्हा दोघांना दमच नाही. आणि गाडी एकच. तिन्ही सुझुकीच्याच. तेच ३९८ सीसीचं इंजिन, तीच फ्रेम. प्लास्टिक आणि स्टिकर सोडले तर एका आईची तीन पोरं, तीन रंगांच्या सदऱ्यात. मी स्वतः एकीचा पार्ट दुसरीला बसवलाय आणि मालकाला सांगितल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या गाडीत परकं रक्त चढवलं.

तसंच पट्ट्याचं. "पट्टा म्हणजे घसरणार" हेही सरसकट खरं नाही. यामाहाच्या ग्रिझलीत पट्टा कायम ताणलेला असतो, सुरुवातीची घसरण तेलातला सेंट्रीफ्यूगल क्लच सोसतो. उतारावर इंजिन ब्रेक चांगला लागतो तो त्यामुळेच. म्हणजे पट्टाच, पण घराणं तिसरं. पट्टाधारी, तुमची दोन घराण्यांची थिअरी छान आहे, पण मधे बरीच लग्नं झालीत.

पट्टाधारी

लग्नं मान्य. आहेर कोणी केला ते सांगू नका.

शेवाळं

नमस्कार, मी नवीन. अजून एकही गाडी घेतलेली नाही. कृपया कोणी एका वाक्यात सांगाल का, सगळ्यात चांगला ब्रँड कुठला?

टॉर्करेंच

ज्याचे पार्ट तुम्हाला चार दिवसांत मिळतात तो.

चाकोरीबाहेर

शेवाळं, टॉर्करेंच साहेबांनी एका वाक्यात सांगितलं ते अगदी खरं. मी जरा लांबण लावतो, कारण मी ते वाक्य ठेच खाऊन शिकलोय.

मी होंडावरून पोलारिसवर गेलो. रुसून वगैरे नाही, मोठी गाडी हवी होती. गाडी घरी आली, खूश होतो. माझ्याकडे आधीच्या गाडीचे चिखलाचे टायर रिमसकट ठेवलेले, जवळजवळ नवे. म्हटलं चढवू. रिमला चार भोकं, हबला चार बोल्ट. जॅक लावला, चाक काढलं, जुनं रिम धरलं आणि एक बोल्ट आत गेला, बाकीचे तीन आकाशाकडे बघत बसले. तेव्हा कळलं की होंडा-यामाहाच्या बहुतेक गाड्यांवर समोरासमोरच्या दोन बोल्टांमधलं अंतर ११० मिमी असतं, पोलारिसवर १५६, कॅन-ॲमवर १३७. चार म्हणजे चार नसतात. अर्धा तास मी ते रिम फिरवून फिरवून लावून पाहत होतो, जणू पाचव्यांदा तरी बसेल.

तेव्हापासून माझं मत झालंय की आपण ज्याला निष्ठा म्हणतो त्यातली निम्मी ही कपाटातल्या सामानाची निष्ठा असते. फिल्टर, प्लग, एक जास्तीचा पट्टा, त्याच गाडीचं मॅन्युअल, त्या नटाला बसणारा तो एक सॉकेट जो पेटीत वेगळा ठेवलेला असतो. ब्रँड बदलला की माणूस बदलत नाही, कपाट बदलावं लागतं.

मीटरचीच गोष्ट घ्या. एटीव्हीच्या टायरला हवा किती, तर पाच पीएसआयच्या आसपास. साध्या गेजवर पाच म्हणजे काटा जागचा हलला की नाही एवढंच दिसतं. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. हे मात्र सगळ्या ब्रँडना लागू आहे, एवढी एक एकी आहे आपल्यात.

निळीभोर

"एक बोल्ट आत गेला, बाकीचे तीन आकाशाकडे" हे वाचून हसून हसून मेले.

पण दादा, सगळं कपाटावर ढकलू नका. माझ्या बॅन्शीच्या कपाटात सामान आहे म्हणून ती माझ्याकडे नाही. ती आहे म्हणून कपाट भरलंय.

नांगरटीला

मी वाचनमात्र असतो, आज लिहितो. मागच्या कॅरिअरवर फवारणीची टाकी, पुढे तारेची भेंडोळी, असं आमचं रोजचं. भावना वगैरे ठीक आहे. माझ्याकडे आजवर तीन झाल्या, तिन्ही एकाच कंपनीच्या. कारण विचाराल तर पहिली बंद पडली नाही, दुसरी बंद पडली पण मला दुरुस्त करता आली, आणि तिसरी घेताना दुसरी कुठली बघायला वेळ नव्हता. एवढंच. एअर फिल्टरचा स्पंज दर आठवड्याला धुवा, वाळवा, तेल लावा. पेट्रोल महिनोन्महिने कार्ब्युरेटरमध्ये सडू देऊ नका. निम्म्या "वाईट ब्रँड" तिथेच चांगल्या होतात.

आर्क्टिकचा_शेवटचा

माझ्या आयडीवरून कळलंच असेल. इथे सगळे आपण कंपनीवर निष्ठा ठेवतो की नाही यावर बोलतायत. कंपनी आपल्याशी काय करते यावर कोणी बोलेल का?

आर्क्टिक कॅट २०१७ला टेक्सट्रॉनने घेतली. घेतली तर घेतली. पण मग नव्या गाड्यांवरून नावच गेलं, तिथे टेक्सट्रॉन ऑफ रोड. मांजर गायब. कोणाला तरी वाटलं असणार की मशीन तेच आहे, नावात काय आहे. लोकांनी एवढी ओरड केली की पुढे आर्क्टिक कॅट हे नाव परत आणावं लागलं. मी त्या काळात माझ्या गाडीच्या टाकीवरचं जुनं स्टिकर सोलू लागलं होतं ते चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं. हसा. पण टॉर्करेंच साहेब, प्लास्टिक आणि स्टिकर सोडले तर काही नाही असं तुम्ही म्हणता ना, ते स्टिकर काढल्यावर काय होतं ते त्यांनी करून पाहिलंय.

टॉर्करेंच

हा मुद्दा बिनतोड आहे. खडा परत घेतो. अर्धा.

उलटंही होतं बरं का. कॅन-ॲम हे नाव सत्तरच्या दशकात मोटरसायकलींवर होतं, १९८७ला त्या बंद झाल्या. मग १९९८-९९च्या सुमारास ट्रॅक्स्टरपासून त्या घराण्याच्या एटीव्ही आल्या त्या बॉम्बार्डिए नावाने. २००६ला त्यांच्यावर कॅन-ॲम हे जुनं नाव चढवलं. आज जे लोक "आम्ही पहिल्यापासून कॅन-ॲमवाले" म्हणतात त्यांच्यातल्या काहींच्या पहिल्या गाडीवर कॅन-ॲम लिहिलेलंच नव्हतं.

पिवळा_वाघ

सुझुकीवाल्यांनाही दोन ओळी द्या की. चार चाकांची एटीव्ही बाजारात पहिल्यांदा आणली ती सुझुकीने, क्वाडरनर १२५, १९८२ला. लालवाले तेव्हा तीन चाकांवर फिरत होते.

जुनंचसोनं

फिरत होते, आणि तीन चाकांची पहिलीही आमचीच. १९७०, यूएस ९०, जिचं नाव पुढे एटीसी ९० झालं. मुळात अमेरिकेतल्या विक्रेत्यांना थंडीत मोटरसायकली खपेनात म्हणून त्या दिवसांत विकायला काहीतरी द्या अशी मागणी होती, त्यातून ती फुग्यासारख्या टायरची गाडी निघाली. आणि एटीसी हे नाव होंडाने स्वतःच्या नावावर करून ठेवलेलं, म्हणून बाकीच्यांना दुसरं नाव शोधावं लागलं.

निळीभोर

आणि ती तीन चाकं का गेली तेही सांगा, अभिमान पूर्ण करा.

जुनंचसोनं

सांगतो ताई, लपवायचं काय. वळणावर ती उलटायची. मागचा एक्सल सरळसोट, पुढे एकच चाक, अंग टाकायचं कसं ते शिकल्याशिवाय वळवली की गेली. अपघात इतके झाले की १९८८ला अमेरिकेत सरकारने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाचांशी कोर्टामार्फत समझोता केला आणि तीन चाकांच्या नव्या गाड्या विकणं बंद झालं. मी एकदा एका ओळखीच्याची एटीसी चालवली आहे. वळणावर पाय खाली टेकवायचा मोह होतो आणि तोच टेकवायचा नसतो, मागचं चाक पायावर चढतं. ती चालवून आल्यावर मला माझ्या ३००चं जड हँडल फार प्रेमळ वाटलं.

संपादक

धागा सुंदर चालला आहे. दोन प्रतिसादांत विक्रेत्यांची नावं घेऊन तक्रारी होत्या, त्या काढल्या आहेत. राग गाडीवर काढा.

शेवाळं

सगळं वाचलं. आता मला एकही घ्यावीशी वाटत नाही आणि सगळ्याच घ्याव्याशा वाटतात.

चाकोरीबाहेर

झालास मेंबर.

जुनंचसोनं

तीन आठवड्यांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

आधी कबुली. पट्टाधारी, मी त्या ओढ्याच्या दिवशी बरोबर असलेल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, "दांडा हायलाच होता, मी तुला दोनदा ओरडून सांगितलं, तू ऐकलं नाहीस." म्हणजे दोन वर्षं मी ज्या कंपनीला शिव्या घातल्या तिची काही चूक नव्हती. नाव तेव्हा लिहिलं नाही हे बरंच झालं.

बुटाचं सांगतो. एक्सल बाहेर काढला. बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून निघेना, तेव्हा आतल्या बाजूचा जॉइंट सोडवला आणि नवं बूट त्या बाजूने शाफ्टवरून सरकवत बाहेरपर्यंत नेलं. जॉइंटमध्ये बारीक वाळू होती पण गोळ्या आणि खाचा शाबूत. अख्खी दुपार रॉकेलने धुवत बसलो. धाकटा आला, म्हटलं धर. मॉलीचं काळं ग्रीस त्याच्या कोपरापर्यंत गेलं. तो सारखं विचारत होता की एवढं ग्रीस आत मावतं कसं, आणि मी दर वेळी "दाब अजून" एवढंच म्हणत होतो.

नवी घ्यायचीच आहे, ते ठरलंय. चार ठिकाणी बसून पाहिल्या. होंडाच्या रँचरमध्ये आता ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो, पट्टा नाही. धाकट्याला ती आवडली नाही, त्याला पट्टेवालीच हवी. मी म्हटलं, घे, पण लो आणि हाय मी शिकवणार. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मित्राने त्यालाही सगळं सांगितलेलं दिसतंय.

३०० विकायची नाही. हे मात्र मी कोणाला विचारलं नाही.

निळीभोर

उत्तम! नवी आली की इथे फोटो टाका. रंग लपवू नका.

नांगरटीला

बुटाला क्लॅम्प कुठले लावले?

जुनंचसोनं

कानवाले, पकडीने कान दाबून आवळायचे ते. आधी घाईत प्लास्टिकच्या झिप टाय लावल्या होत्या, दुसऱ्याच फेरीत लहान तोंडाकडून ग्रीस बाहेर आलं. परत सगळं काढावं लागलं.

नांगरटीला

मीही तेच केलेलं.